चांदमारीच्या मागची जमीन

गुवाहाटीत चांदमारी नावाचा भाग आहे. गंगटोकमध्ये आहे, बिहारमधल्या मोतिहारीत आहे. ऐझॉलमध्ये त्याचं चानमारी झालंय. कोलकात्यात रायफल रेंज रोड आहे. मलेशियातल्या पेनांगमध्ये तर 'रायफल रेंज' नावाची उंच इमारतींची अख्खी वसाहत आहे. नकाशावर अशी नावं शोधायचा मला नाद लागला आहे. फोनवर नकाशा उघडायचा, नाव टाकायचं आणि तिथले फोटो बघायचे. मोबाइलची दुकानं, क्लासचे बोर्ड, वाळत घातलेले कपडे, पार्क केलेल्या स्कूटी. बंदूक कुठेच दिसत नाही.

लक्ष्याच्या मधोमध काढलेलं गोल वर्तुळ म्हणजे 'चांद'. तो मारायचा म्हणून चांदमारी. सरावालाही तोच शब्द आणि सरावाच्या जागेलाही तोच. फौजेच्या बोलीतला हा शब्द फार सुंदर आहे असं मला वाटतं. पण त्या शब्दात एक लबाडीही आहे. त्यात फक्त चांद दिसतो, चांदाच्या मागे काय आहे ते दिसत नाही. आणि नेमबाजीच्या मैदानाचा सगळा इतिहास त्या मागच्या जमिनीचाच आहे. चुकलेली गोळी जिथे जाते ती जमीन. शहराबाहेर कुठेतरी चांदमारी असायची, शहर वाढत तिच्यापर्यंत यायचं, मग ती उठून आणखी लांब जायची आणि मागे फक्त नाव उरायचं. पण प्रत्येक वेळी चांदमारीच उठली असंही नाही. कधीकधी माणसांना उठवलं गेलं.

आमच्या पिढीला चुकलेल्या गोळीची सवय नाही. आपण ज्या गोळ्या झाडत मोठे झालो त्या स्क्रीनवरच्या. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे गेममधली गोळी आतून कशी असते ते ठाऊक आहे. साध्या गेममध्ये ती गोळी नसतेच, ती एक सरळ रेषा असते. बंदुकीच्या तोंडापासून रेषा काढायची आणि ती पहिल्यांदा कशाला छेदते ते बघायचं. माणसाला छेदलं तर त्याचे पॉइंट कमी करायचे, भिंतीला छेदलं तर भिंतीवर भोकाचं चित्र चिकटवायचं. कशालाच छेदलं नाही तर काहीच करायचं नाही. ठरावीक अंतरानंतर रेषा संपते आणि मेमरी मोकळी होते. खऱ्या गोळीला असं संपता येत नाही. तिला कुठेतरी पडावंच लागतं.

हे मला पहिल्यांदा कळलं ते शाळेत, एनसीसीत. पॉइंट टू टूची रायफल, २५ यार्डांचं अंतर, प्रत्येकाला पाच गोळ्या. समोर कागदी लक्ष्यं, त्यांच्यामागे मातीचा उंच बंधारा, बाजूला काठीवर लाल झेंडा. फायरिंग संपल्यावर माझ्या शेजारच्या मुलाच्या कागदावर चारच भोकं निघाली. उस्ताद, म्हणजे आमचे हवालदार, त्याला रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "पाँचवी कहाँ गई?" तो गप्प. मग उस्ताद बंधाऱ्यापाशी गेले आणि तिथले दगड एकेक करून वेचून लांब भिरकावू लागले. सुपारीएवढे दगड. हा माणूस सफाई का करतोय, असं आम्हाला वाटलं होतं.

ते दगड म्हणजेच या विषयातला सगळ्यात जुना प्रश्न. गोळी दगडावर आपटून उसळते. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये त्याला रिकोशे म्हणतात. चपटा दगड तिरका फेकला की तळ्याच्या पाण्यावर टप्पे घेत जातो, तोच हा प्रकार. पण गोळी उसळायला दगडच लागतो असं नाही. कोन पुरेसा उथळ असेल तर ती मातीवरून उसळते, वाळूवरून उसळते, पाण्यावरूनही उसळते. शिशाच्या गोल गोळीसाठी पाण्यावरचा हा कोन साधारण ५ अंशांच्या आसपास येतो. त्याहून तिरकी आली तर पाणी तिला आत घेत नाही, वर फेकतं. आता रायफलचा विचार करा. दोनशे मीटरवरच्या लक्ष्याच्या थोडं अलीकडे जमिनीला लागलेली गोळी जमिनीशी एक अंशाचासुद्धा कोन करत नाही. म्हणजे सपाट मैदानात खाली लागलेली जवळजवळ प्रत्येक गोळी पुन्हा उडण्याच्या तयारीतच येते.

पुढे काय होतं ते आणखी विचित्र आहे. आरशावरचा प्रकाश जितक्या कोनात येतो तितक्याच कोनात जातो, हे आपण शाळेत शिकतो. गोळी तसं वागत नाही. मऊ जमिनीवर ती स्वतःपुरता एक उतार खणते आणि त्या उतारावरून चढत आल्यापेक्षा जास्त कोनात वर निघते. उलट काँक्रीट किंवा पोलाद यांसारख्या कठीण पृष्ठभागावर ती आल्यापेक्षा कमी कोनात निघते आणि भिंतीला जवळजवळ घासत पुढे जाते. म्हणूनच गोळीबारात भिंतीला चिकटून उभं राहू नये असं पोलिसांना शिकवतात. सिनेमातले नायक नेमकं तेच करतात. रायफलची गोळी स्वतःभोवती गरगरत जाते, त्या गिरकीमुळेच ती सरळ राहते. आपटली की ती गिरकी मोडते आणि गोळी हवेत कोलांट्या घेऊ लागते. तिचा पल्ला त्यामुळे बराच घटतो, पण दिशेचा भरवसा राहत नाही. सरळ चुकलेली गोळी लांब जाते, उसळलेली गोळी बाजूला जाते. मैदानाची लांबी पहिली ठरवते आणि रुंदी दुसरी.

गंमत अशी की ही उसळी आधी शस्त्र म्हणून वापरली गेली आणि धोका म्हणून नंतर ओळखली गेली. चौदाव्या लुईचा किल्लेतज्ज्ञ वोबाँ याने १६८८ मध्ये फिलिप्सबुर्गच्या वेढ्यात एक युक्ती करून पाहिली. तोफेत दारू मुद्दाम कमी भरायची. गोळा तटाला धडका मारण्याऐवजी तटाच्या माथ्यावरून जेमतेम पलीकडे पडावा आणि मग आतल्या बाजूने टप्पे घेत धावावा. तटामागे ओळीने उभ्या असलेल्या तोफा आणि माणसं एकाच गोळ्याने उधळायची. १६९७ मध्ये आतच्या वेढ्यात त्याने हे इतकं पद्धतशीर केलं की किल्ला दोनेक आठवड्यांत पडला. नंतरची सव्वाशे वर्षं तोफखान्याचे लोक जमीन टणक आहे की चिखलाची हे बघूनच गोळे टाकत. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनने सकाळी लढाई सुरू करायला उशीर केला, त्यामागे रात्रीच्या पावसाने भिजलेली जमीन हे एक कारण सांगितलं जातं. चिखलात तोफा हलत नव्हत्या आणि गोळेही उसळत नव्हते. ज्या चिखलाने त्या दिवशी काही माणसं वाचवली असतील, तसाच भुसभुशीतपणा आज रेंजवर पैसे खर्चून आणतात.

तोपर्यंत बंदुकीसाठी मैदान लागतच नव्हतं. गुळगुळीत नळीच्या जुन्या मस्केटने शंभर यार्डांपलीकडे माणूस टिपणं नशिबाचा भाग होता. रांगेत उभं राहायचं आणि एकदम बार काढायचा, एवढंच कौशल्य. नेम धरायचा सराव कशाला करायचा? १८५० च्या दशकात नळीत आटे पाडलेली एनफिल्ड रायफल आली आणि चित्र पालटलं. तिच्या नेम धरायच्या पट्टीवर शेकडो यार्डांच्या खुणा होत्या. एवढं लांबचं टिपायचं तर शिकवावं लागणार, म्हणून इंग्लंडमध्ये हाइथला १८५३ साली मस्केट्री स्कूल निघालं. हिंदुस्थानात नवी रायफल शिकवण्यासाठी डमडम, अंबाला आणि सियालकोट अशी तीन ठिकाणं निवडली गेली. साल १८५७. पुढची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे, ती काडतुसांची. पण त्या काडतुसांबरोबर आणखी एक गोष्ट आली आणि तिला इतिहासाच्या पुस्तकात जागा नाही. त्या रायफलला लांबच लांब रिकामी जमीन लागत होती. प्रत्येक छावणीला आता परेड ग्राउंडखेरीज आणखी एक पट्टा हवा होता, ज्याच्या टोकाला मातीचा डोंगर असेल आणि डोंगरामागे कोणी नसेल.

कोणी नसेल म्हणजे काय, हे ठरवणं कायमच अवघड गेलं आहे. त्याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण लंडनजवळचं आहे.

१८५९ मध्ये फ्रेंच आक्रमणाच्या भीतीने इंग्लंडमध्ये स्वयंसेवक शिपायांची लाट उसळली. कारकून, वकील, दुकानदार गणवेश शिवून घेऊन कवायत करू लागले. त्यांना नेमबाजी यावी म्हणून नॅशनल रायफल असोसिएशन निघालं. (अमेरिकेतली त्या नावाची बदनाम संघटना नंतरची. मूळ नाव हे.) विम्बल्डन कॉमन या माळरानावर त्यांची वार्षिक स्पर्धा ठरली. २ जुलै १८६० रोजी राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली. झाडली म्हणजे, व्हिटवर्थ रायफल एका यंत्रावर घट्ट बसवलेली होती, नेम आधीच धरून ठेवला होता, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी केंद्रापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली. दोरी ओढून वाहवा मिळवायची ही रीत आजच्या उद्घाटनांतही शाबूत आहे.

सुरुवातीला तिथली लक्ष्यं लोखंडी होती. पत्र्याची नव्हेत, जाड लोखंडाची, वर चुना फासलेली. त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. गोळी लागली की टण्ण आवाज येतो आणि शिशाचा डाग उठतो. पण शिशाची गोळी लोखंडावर आपटली की फुटते आणि तिचे तुकडे चहूकडे उडतात. लक्ष्याशेजारी एका लोखंडी आडोशात एक माणूस बसलेला असायचा, मार्कर. गोळी कुठे लागली ते बघून तो खूण करायचा. मधूनमधून लाल झेंडा बाहेर काढायचा, गोळीबार थांबला की ब्रश घेऊन पुढे यायचा, डागांवर चुना फासायचा आणि परत आडोशात शिरायचा. ढाली जिंकलेल्यांची नावं नोंदवून ठेवलेली आहेत. या माणसाचं नाव नोंदवायची कोणाला गरज वाटली नाही. रेंजवरच्या सुरक्षेचे पहिले नियम मात्र त्याच्या अंगावरून ठरले. झेंडा दिसला की बंदूक खाली. तो आडोशात गेल्याशिवाय बार नाही. १८७० च्या दशकात लोखंडाच्या जागी कापडी लक्ष्यं आली. गोळी आता कापडातून आरपार जाऊन मागच्या मातीत रुतू लागली आणि मार्कर जमिनीखाली खणलेल्या चरात गेला. आपल्याकडे फौजेत 'बट पार्टी' म्हणतात ती हीच माणसं. डोक्यावरून गोळ्या जात असतात आणि हे खाली बसून लक्ष्यं वरखाली करत असतात. ज्यांनी हे केलंय ते सांगतात की जवळून जाणारी गोळी सुंइं करत नाही, चाबकासारखा कडाका काढते. सुंइं करते ती उसळलेली.

विम्बल्डनचा प्रश्न पुढे मार्करचा उरला नाही, शेजाऱ्यांचा झाला. लंडन पसरत त्या माळापर्यंत आलं. त्याच काळात रायफलही बदलत होती. मार्टिनी-हेन्रीची जाड शिशाची गोळी सेकंदाला साधारण ४०० मीटरच्या वेगाने निघायची. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आली. तिची गोळी बारीक, वरून कठीण धातूचं कवच आणि वेग साडेपाचशेच्या पुढे. मऊ शिसं आपटलं की चेपतं, कवचवाली गोळी आकार टिकवते आणि उडत राहते. मैदान तेच, मागचा बंधारा तोच, पण बंधाऱ्यामागची धोक्याची जमीन एका सहीनिशी वाढली. आणि नेमकी त्या दिशेला केंब्रिजच्या ड्यूकची मालमत्ता होती. ड्यूकने आपल्या जमिनीला आणि कुळांना धोका असल्याची तक्रार केली. हा ड्यूक म्हणजे कोणी साधा जमीनदार नव्हता, तो ब्रिटिश लष्कराचा सरसेनापती होता. देशाने नेमबाजी शिकावी हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? पण आपल्या शेताच्या दिशेने नको. १८८९ ची स्पर्धा विम्बल्डनवरची शेवटची ठरली. १८९० पासून सगळा कारभार सरे परगण्यातल्या बिस्ली इथे गेला. मागे खुरटी झुडपं आणि लष्कराचीच माळरानं, पुढे हाकेच्या अंतरावर कोणी नाही. अजून तो तिथेच आहे. विम्बल्डन कॉमनवर आता गोल्फ खेळतात. तिथे गोल्फ खेळणाऱ्याने लाल रंगाचा सदराच घालायचा असा नियम आहे, म्हणजे फिरायला आलेल्यांना चेंडू कुठून येणार ते कळावं. लाल झेंडा गेला, रंग उरला.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरलाही थोड्याफार फरकाने हेच झालं. क्रीड नावाच्या कुटुंबाच्या शेतावर १८७३ मध्ये रेंज सुरू झाली. पुढच्याच वर्षी आयर्लंड विरुद्ध अमेरिका असा प्रचंड गाजलेला सामना झाला आणि आयर्लंड ९३४-९३१ असं हरलं. त्यांच्या एका नेमबाजाने बरोब्बर केंद्रात गोळी मारली होती, फक्त शेजारच्याच्या लक्ष्यावर. तो शून्य धरला गेला. क्रीडमूर आज बंदुकीच्या एका काडतुसाच्या नावात आणि एका मनोरुग्णालयाच्या नावात शिल्लक आहे.

मैदान गोळीला पुरेना तर मैदान हलवायचं, हा एक उपाय झाला. याच इतिहासात एकदा उलटंही घडलं, आणि मला ती गोष्ट फार आवडते.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी फौजेकडे १९०६ च्या बनावटीची रायफलची गोळी होती. ती ४,७०० यार्ड जाते असं त्यांच्या कोष्टकांत लिहिलेलं होतं. मशीनगनने लांबवर मारा करायची वेळ आली तेव्हा गोळ्या त्याच्या पुष्कळ अलीकडे पडू लागल्या. युद्धानंतर लष्कराने फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जाऊन खरंच मोजलं. पाण्यावर गोळी पडलेली दिसते, म्हणून किनारा. पल्ला निघाला ३,४०० यार्डांच्या आसपास. म्हणजे इतकी वर्षं सगळे एका कागदावर विश्वास ठेवून होते. (त्याच मालिकेत सरळ वर गोळ्या झाडून त्या कुठे पडतात तेही पाहिलं गेलं. पाचशेहून अधिक गोळ्यांपैकी माणसं बसली होती त्या फलाटावर चारच पडल्या. बाकीच्या वाऱ्याने कुठल्या कुठे नेल्या. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांनी हे वाचावं. वर गेलेली गोळी आपल्या मांडवात पडत नाही, ती दुसऱ्याच्या अंगणात पडते.) ज्युलियन हॅचर या लष्करी अधिकाऱ्याने ही सगळी हकिगत लिहून ठेवली आहे.

मग अर्थातच जास्त पल्ल्याची गोळी बनवली गेली. शेपटाकडे निमुळती, जड, १९२६ मध्ये मंजूर झालेली एम-वन. ती साडेपाच हजार यार्डांपर्यंत जायची, म्हणजे पाच किलोमीटर. लष्कर खूश. जुन्या गोळ्यांचा साठा संपून नवी गोळी सरावाला येईपर्यंत काही वर्षं गेली, आणि तेव्हा लक्षात आलं की देशभरातल्या कित्येक रेंज जुन्या गोळीच्या हिशेबाने आखलेल्या आहेत. कुंपण जिथे आहे तिथून ही गोळी दोन किलोमीटर पलीकडे जाते. तिथे शेतं आहेत, रस्ते आहेत, घरं आहेत. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात लष्कराने पुन्हा जुन्यासारखी, कमी पल्ल्याची गोळी बनवायला घेतली. ती एम-टू, आणि अमेरिकी पायदळाने दुसऱ्या महायुद्धात ती वापरली. हल्ला करायला नव्हे, सराव करायला जागा नाही म्हणून एका बलाढ्य देशाने आपली गोळी आखूड केली! माझ्या धंद्यात नवी आवृत्ती मागे घ्यावी लागते तेव्हा सगळ्यांची तोंडं उतरतात. हा मागे घेण्याचा निर्णय मात्र मला तंत्रज्ञानाच्या इतिहासातला अतिशय शहाणा निर्णय वाटतो. कुंपणापलीकडचा शेतकरी त्या आराखड्यात मोजला गेला होता.

आज रेंज आखताना कागदावर एक आकृती काढतात. झाडणाऱ्यापासून सुरू होणारी, पंख्यासारखी पसरत जाणारी. लांबी त्या गोळीच्या कमाल पल्ल्याइतकी, दोन्ही बाजूंना नेम चुकण्यासाठी थोडा कोन, आणि त्याच्याही बाहेर उसळणाऱ्या गोळ्यांसाठी आणखी एक पट्टी. या आकृतीत माणूस नको. ही आकृती पाहिल्यावर मला जाणवलं की आपण ज्याला रेंज म्हणतो, झाडायची ओळ आणि लक्ष्य, तो या पंख्याचा फक्त दांडा आहे. ऑलिम्पिकमध्ये ५० मीटरवर वापरतात त्या पॉइंट टू टूच्या काडतुसांचं उदाहरण घ्या. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक घेतलं ते याच प्रकारच्या गोळीने. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. आणि त्याच काडतुसांच्या डब्यांवर एक ते दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. बटणाएवढ्या लक्ष्यासाठी दीड मैलाची जबाबदारी.

शहरात एवढी जमीन कुठून आणणार? म्हणून पंखा मिटवतात. वर ओळीने आडव्या भिंती टांगतात, अशा की झाडणाऱ्याला आडवं पडून पाहिलं तरी समोर आकाशाचा तुकडा दिसता कामा नये. आकाश दिसलं तर गोळीलाही वाट आहे. मागच्या बंधाऱ्याचा उतार उभा ठेवतात, पृष्ठभागाची माती चाळून घेतात, दगड काढतात. तेवढ्यावर भागत नाही. त्याच जागी हजारो गोळ्या रुतत गेल्या की मातीत शिशाचा थर होतो आणि नवी गोळी जुन्या गोळीवर आपटून परत येते. म्हणून ठरावीक काळाने बंधारा खणून शिसं काढावं लागतं. उस्ताद दगड वेचत होते ते यासाठी.

हे सगळं पायाखालच्या शंभर-दोनशे मीटरच्या रेंजचं झालं. तोफा आणि रणगाड्यांचा पंखा मिटवता येत नाही. तो काही किलोमीटरचा असतो, आणि भारतात काही किलोमीटर रिकामी जमीन म्हणून दाखवली जाते ती बहुतेकदा रिकामी नसते.

त्यासाठी इंग्रजांनी १९३८ मध्ये एक कायदा केला, मॅनूव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट. नाव लांबलचक, कायदा आटोपशीर. सरकारने अधिसूचना काढून एखादा भाग सरावासाठी जाहीर करायचा. त्यात धोक्याचा पट्टा आखायचा. गोळीबार चालू असताना त्या पट्ट्यातून माणसांना आणि पाळीव जनावरांना बाहेर काढता येईल. नुकसान झालं तर भरपाई मिळेल. 'माणसं आणि पाळीव जनावरं' हे एका दमात. जमीन सरकारची होत नाही, लोकांचीच राहते. फक्त ठरावीक दिवशी लोकांनी तिथे नसायचं. केंब्रिजच्या ड्यूकच्या नेमकं उलट. तिथे माणूस होता म्हणून पंखा हलला. इथे पंखा ठरला म्हणून माणसाने हलायचं.

झारखंडमधल्या नेतरहाटच्या पठारावर हा कायदा काय करतो ते नीट दिसतं. लातेहार आणि गुमला जिल्ह्यांतला हा आदिवासी मुलूख. १९६४ पासून तिथे तोफखान्याचा सराव होत असे. सरावाच्या दिवसांत गावं सोडायची, गुरं हाकायची, पिकं आहेत तशी टाकायची, संध्याकाळी परत यायचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या अधिसूचना निघाल्या. आता २४५ गावं आणि जवळपास दीड हजार चौरस किलोमीटर. बृहन्मुंबईच्या दुपटीहून मोठा पंखा. मार्च १९९४ मध्ये सरावासाठी फौजेच्या गाड्या येत असताना टुटुवापानी इथे हजारो लोक रस्त्यावर बसले. बायका पुढे होत्या. गाड्या परत गेल्या. त्यानंतर तिथे सराव झाला नाही, पण कागद जिवंत होता. अधिसूचनेची मुदत १९९९ मध्ये वाढवली गेली, २०२२ पर्यंत. अठ्ठावीस वर्षं ती गावं अशा गोळीबाराच्या पट्ट्यात राहत होती जो प्रत्यक्षात होत नव्हता आणि कायद्याने कधीही होऊ शकत होता.

आपल्याकडे नगरजवळ खारे कर्जुने गाव आहे. त्याच्या नावाची आद्याक्षरं घेऊन के. के. रेंज. रणगाड्यांचा सराव तिथे होतो. २०२० मध्ये राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या २३ गावांत पुन्हा भूसंपादनाची चर्चा पेटली, मोर्चे निघाले, पुढारी दिल्लीत संरक्षणमंत्र्यांना भेटून आले. त्या बातम्यांत मला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या आणि अजूनही वाटतात. रणगाडा चालवणाऱ्या पोराला गोळा झाडायचा सराव नको का? हवाच. त्याचा जीव त्यावर आहे. पण मुळा धरणासाठी एकदा जमिनी दिलेल्या त्याच पट्ट्यातल्या शेतकऱ्याला पुन्हा विचारताना, पाच किलोमीटरऐवजी तीनमध्ये भागेल का, हा अमेरिकेने स्वतःला विचारलेला प्रश्न कोणी विचारलेला माझ्या वाचनात आला नाही. सिम्युलेटर आहेत, सरावासाठी मुद्दाम कमी पल्ल्याचे बनवलेले गोळे आहेत. वाद मात्र एकरी दरावर येऊन थांबतो.

आणि पंख्याच्या कडेला आणखी एक माणूस असतो, तो कुठल्याच आकृतीत नाही. गोळीबार थांबला की आत शिरून पितळ, तांबं, शिसं वेचणारा. त्याला किलोमागे भाव मिळतो. न फुटलेला गोळाही त्याच्या दृष्टीने वजनदार भंगारच असतो. विम्बल्डनच्या मार्करला निदान लोखंडी आडोसा होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये झारखंड सरकारने नेतरहाटच्या अधिसूचनेची मुदत वाढवायची नाही असा निर्णय घेतला. तरी मार्चमध्ये २२ आणि २३ तारखेला लोक टुटुवापानीला जमले, १९९४ पासून जमतात तसेच. निर्णय झाला हे त्यांनी ऐकलं होतं. त्यांना तो राजपत्रात छापलेला बघायचा होता.